रोज कौल लावायचा नसतो

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मी 43 वर्षांची. घरचं थोडं भातशेत. मालक गोव्यात कामाला आहेत, शनिवारी रात्री चोर्ला घाटातून दुचाकीवरून घरी येतात. ते निघाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नसतो, दहा-दहा फोन लावते. मुलगा अग्निवीर आहे. पुढच्या वर्षी चार वर्षं भरतात, मग कायम होणार की घरी येणार कळत नाही. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), तिचं पुढं इकडं करायचं की महाराष्ट्रात, तेही ठरत नाही. तीन ठिकाणी पत्रिका दाखवली. गावदेवीला दोनदा कौल लावला. रात्री दोनला जाग येते ती येतेच. टेन्शन घेऊ नको म्हणून सगळे सांगतात, पण कसं ते कोणी सांगत नाही. एकदा सगळं नक्की झालं की मी शांत होईन. तोवर काय करू?"

ताई, नमस्कार.

'एकदा सगळं नक्की झालं की मी शांत होईन' हे तुमचं वाक्य आधी घेऊ, कारण गाठ तिथंच आहे. मुलगा कायम झाला असं उद्याच कळलं, तर दोन दिवस घरात कुंदा वाटाल. तिसऱ्या दिवशी त्याची नेमणूक कुठल्या सीमेवर, हा प्रश्न उभा राहील. मालकांनी गोवा सोडून बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात काम धरलं, तर तो कारखाना टिकेल का, हा प्रश्न येईल. शांत होण्यासाठी तुम्ही जी अट घातली आहे ती कधीच पुरी होणारी नाही. म्हणून 'तोवर काय करू' याऐवजी 'नक्की नसतानाच कसं जगू' हा प्रश्न घेऊ. याचं उत्तर शिकता येतं आणि सरावानं अंगवळणी पडतं.

आधी तुमच्या मनात काय घडतं ते नीट बघू. शनिवारी सात वाजता मालक निघतात. सव्वासातला छातीत धडधड. तुम्ही फोन लावता, ते 'हो, येतोय' म्हणतात, तुम्हाला बरं वाटतं. किती वेळ? बहुधा पंधरा-वीस मिनिटं. मग 'तेव्हा ठीक होते, पण आता?' असं येतं आणि पुन्हा फोन. प्रत्येक फोनबरोबर मेंदू एक धडा शिकतो: माहीत नसणं धोक्याचं आहे आणि फोन केला म्हणूनच आपण वाचलो. पुढच्या वेळी धडधड लवकर सुरू होते आणि एका फोनानं भागत नाही. पत्रिका तीन ठिकाणी का दाखवावी लागली, याचं उत्तर हेच आहे. पहिल्या ठिकाणाहून मिळालेला दिलासा आठवडाभर टिकला असेल, दुसरा तीन दिवस, तिसरा घरी येईपर्यंत.

मानसशास्त्रात याचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. अनिश्चितता किती असह्य होते हे मोजणारी 27 विधानांची प्रश्नावली कॅनडातल्या संशोधकांनी 1994 मध्ये मांडली. पुढं त्यावर उपचारपद्धतही उभी राहिली. तिचं सार असं, की सतत काळजी करणाऱ्या माणसावर इतरांपेक्षा जास्त संकटं आलेली असतात असं नाही. 'माहीत नाही' ही अवस्थाच त्याला सोसत नाही, आणि ती संपवण्यासाठी तो जे करतो त्यानं ती आणखी सोसेनाशी होते. विचारणं, तपासणं, पुन्हा विचारणं, ठरवायचं टाळणं, दुसऱ्यावर काम न सोपवणं ही सगळी त्याचीच रूपं. म्हणून उपाय तिथूनच सुरू करायचा. विचार थांबवायला जाऊ नका, ते जमत नाही. विचारणं-तपासणं कमी करा, ते हातात आहे.

कौलाबद्दल स्पष्ट बोलते. देवीला कौल लावणं ही श्रद्धेची गोष्ट आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण कौलाची रीत आठवा. गाऱ्हाणं घालायचं, उजवा पडो की डावा, मिळेल तो मानायचा आणि घरी येऊन कामाला लागायचं. त्याच कामासाठी महिन्याभरात पुन्हा कौल लावला, तर पहिला कौल आपण मानला नाही असाच त्याचा अर्थ होतो. दुसऱ्यांदा तुम्हाला देवळात श्रद्धेनं नेलं की धडधडीनं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. मुलाच्या नोकरीचा विषय आता देवीच्या पायाशी ठेवलेला आहे. तो तिथंच राहू द्या.

आता कामाचं. दुकानातून चाळीस पानी वही आणा. एका ओळीत पाच रकाने पाडा: वार आणि वेळ, मनात काय आलं, मी काय केलं (फोन, विचारणं, मोबाइल बघणं), किती मिनिटं बरं वाटलं, शेवटी प्रत्यक्ष काय झालं. पहिले सात दिवस फक्त लिहायचं, काहीही बदलायचं नाही. फोन करावासा वाटला तर करा, पण लिहा. इथं दोन चुका होतात. एक, दिवसाअखेरी आठवून लिहितात. तसं केलं तर चौथा रकाना खोटा पडतो, म्हणून त्या-त्या वेळी दोन शब्दांत लिहा. दुसरी, फक्त मोठ्या काळज्या लिहितात. गॅस बंद केला का म्हणून परत येऊन बघितलं, भाजीत मीठ बरोबर आहे का म्हणून मुलीला तीनदा विचारलं, तेही लिहा. पुढं तेच कामाला येणार आहे.

सात दिवसांनी वही उघडा आणि प्रत्येक ओळीपुढं 'काम' किंवा 'काळजी' असा एकेक शब्द लिहा. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्या शेवटी एक कृती आणि एक तारीख लिहिता येते ते काम. ज्याच्या शेवटी 'पण समजा...' येतं ती काळजी.

मुलीचं उदाहरण घ्या. 'तिचं पुढं कसं होणार' ही काळजी आहे. पण तिच्या पोटात कामं दडलेली आहेत. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तरतूद आहे. त्यासाठी 865 गावांची यादी आहे आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का, दाखले कोणकोणते आणि कुठून मिळतात, हे शोधणं म्हणजे काम. कर्नाटकाची सीईटी आणि महाराष्ट्राची सीईटी या दोन्हींचे अर्ज भरायचे का, हे ठरवणंही काम. चौकशी एका माणसाकडं द्या, शक्यतो मुलीकडंच, आणि तारीख घाला: येत्या पंधरा तारखेपर्यंत दाखल्यांची यादी घरात पाहिजे. ती चुकेल म्हणून तुम्ही स्वतः चार जणांना फोन कराल, तर काम पुन्हा काळजीत गेलं. तिनं एखादा कागद विसरला तरी चालेल. परत जाऊन आणेल, आणि तिलाही कळेल.

शनिवारचा घाट हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. तुमची भीती निराधार नाही. पावसात त्या घाटात धुकं उतरतं, झाड पडतं, दरड येते, आणि मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. पण दुचाकी चालवणाऱ्या माणसाला फोन लागला, की एक तर तो वळणावर खिशात हात घालतो, नाहीतर अंधारात कडेला थांबतो. म्हणजे तुमच्या फोनामुळं त्यांचा धोका वाढतो, आणि रेंज नसताना न लागलेल्या फोनानं तुमची धडधड वाढते. मालकांशी बसून नियम ठरवा, रविवारी, चहा घेताना, शनिवारी निघताना नव्हे. निघताना त्यांचा एक फोन. घाट चढून रेंज आल्यावर त्यांनी थांबून एक मेसेज करायचा की नाही, हे त्यांच्यावर सोडा. तुम्ही मधे फोन लावायचा नाही.

पण याबरोबर एक रेषाही आखा, कारण रेषा नसेल तर नियम टिकत नाही. नेहमीचा प्रवास अडीच तासांचा असेल, तर पावसाळ्यात साडेतीन तासांपर्यंत काहीही करायचं नाही. साडेतीन झाले की एक फोन. लागला नाही तर अर्ध्या तासानं दुसरा. तोही लागला नाही तर त्यांच्यासोबत कामाला असलेल्या माणसाला आणि कणकुंबी किंवा जांबोटीतल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन. त्यातूनही पत्ता लागला नाही तर 112 हा आपत्कालीन नंबर. हे चारही टप्पे कागदावर नंबरांसह लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. खरोखर वेळ आली तर काय करायचं ते ठरलेलं आहे, म्हणून त्या साडेतीन तासांत पुन्हा-पुन्हा ठरवत बसायचं कारण उरत नाही.

हा नियम मोडतो तो चोरवाटांनी. फोन लावत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप उघडून ते कधी ऑनलाइन होते ते बघते. स्वतः विचारत नाही, पण जावेला 'जरा विचार की' म्हणते. घाटाच्या बातम्या मोबाइलवर चाळते. दारात जाऊन हेडलाइट बघत उभी राहते. मनाच्या हिशेबात ही सगळी फोनाचीच भावंडं आहेत. सगळी एकदम सोडवत नसतील, तर पहिल्या शनिवारी दोन ठेवा, दुसऱ्या शनिवारी एक. आणि त्या वेळासाठी हाताला काम धरा: तांदूळ निवडणं, भाकऱ्या थापणं, शेजारणीकडं जाऊन बसणं. मन रिकामं करण्याचा हा उपाय नव्हे, धडधड असू द्या. धडधड असतानाही भाकरी थापता येते, एवढंच अंगाला दाखवायचं आहे. पहिल्या दोन शनिवारी फार त्रास होईल, कदाचित आधीपेक्षा जास्त. त्यावरून उपाय लागू पडत नाही असं समजू नका. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात ते इथंच. चार-पाच शनिवार तसेच काढले, की धडधड येते, चढते आणि आपोआप उतरते, हे वहीत दिसायला लागतं.

घाटाचा सराव शनिवारीच होणार. बाकीचे सहा दिवस लहान गोष्टींवर हात बसवा. वहीतून आठ-दहा बारीकसारीक गोष्टी काढा आणि प्रत्येकीला 0 ते 100 मध्ये अंक द्या: न विचारता केलं तर किती त्रास होईल? मेसेज पुन्हा न वाचता पाठवणं, 20. मीठ बरोबर आहे का न विचारता जेवण वाढणं, 25. यादी न करता बाजार, 30. मुलीला एकटीला खानापूरला पाठवून मधे फोन न करणं, 60. मुलाचा रविवारचा फोन आल्यावर कायम होण्याचा विषयच न काढणं, 75. खालून सुरुवात करा. एक गोष्ट आठवड्यातून चार-पाच वेळा, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की वरची पायरी. करण्याआधी एक ओळ लिहा: काय बिघडेल असं वाटतं? झाल्यावर दुसरी: काय झालं, आणि बिघडलं असेल तर मी काय केलं?

यातला शेवटचा तुकडा सगळ्यात मोलाचा आहे. सगळं नेहमी चांगलंच होतं, हे शिकण्यासाठी हा सराव नाही. कधीतरी मीठ जास्त पडेल, यादी नसल्यामुळं साखर राहून जाईल. तेव्हा तुम्ही बटाटा घातला, शेजारून वाटीभर साखर आणली, हे वहीत येतं. महिन्याभरात अशा वीस ओळी झाल्या, की 'काही झालं तर मी काय करणार?' या रात्रीच्या प्रश्नाला तुमच्याच अक्षरात उत्तर मिळतं.

रात्री दोनची जाग. काळजीला दिवसातली वीस मिनिटं ठरवून द्या: संध्याकाळी साडेपाच ते पाच-पन्नास, ओसरीत, वही घेऊन. अंथरुणात नको, देवघरात नको, रात्री आठनंतर नको. बाकी कोणत्याही वेळी काळजी आली तर तिला ढकलू नका, ढकललेली काळजी दामदुपटीनं येते. दोन शब्द टिपा आणि म्हणा, 'साडेपाचला'. रात्रीसाठी उशाशी पेन-कागद ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. साडेपाचला बसल्यावर टिपलेल्यातलं निम्मं शिळं झालेलं दिसेल. तरी वीस मिनिटं पुरी बसा, लवकर उठू नका, नाहीतर मन त्या वेळेवर विश्वास ठेवत नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र लिहिण्याची वेगळी पद्धत लागेल. तुम्ही 'तो कायम झाला नाही तर...' इथवर येता आणि घाबरून मागं फिरता. वाक्य पुरं होत नाही, म्हणून रोज रात्री पुन्हा येतं. ते पुरं करा. सलग पाच दिवस, रोज 20 मिनिटं, तोच मजकूर नव्यानं लिहा: तो घरी आला, पहिला दिवस, पहिला आठवडा, गावातले काय बोलले, सहा महिन्यांनी, वर्षानं. खोटा धीर घालू नका, आणि मधेच 'पण असं होणार नाही' असंही लिहू नका. खरी माहिती मात्र घाला. कायम सेवेत प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांना घेतात, म्हणजे परत येणारेच अधिक असणार. तुमचा मुलगा परत आला तर तो नापास झाला असं होत नाही, आणि हे गावात तुम्हीच आधी बोलायला हवं. हाती सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी येतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयात सवलत जाहीर झालेली आहे. यातून निघणारं काम एवढंच: त्याची कागदपत्रं नीट ठेवणं, आणि त्या पैशावर आतापासून स्लॅबचा किंवा लग्नाचा हिशेब न मांडणं. दुसरी वाट एक ठरवून ठेवा. तिसरी, चौथी, पाचवी नको, तिथून ती पुन्हा काळजी होते. निवड त्याच्या कामगिरीवर व्हायची आहे आणि ती कामगिरी त्याची आहे. दर रविवारी तुम्ही विचारता तेव्हा त्याच्या पाठीवरच्या ओझ्यात तुमचंही चढतं.

घरच्यांनाही थोडं शिकवावं लागेल. 'टेन्शन घेऊ नको' आणि 'काही होणार नाही' ही दोन्ही वाक्यं बंद. पहिल्यानं तुम्ही एकट्या पडता, दुसऱ्यानं पंधरा मिनिटांचा दिलासा मिळतो. त्याऐवजी काय म्हणायचं ते आधीच ठरवा. मुलीनं म्हणावं, 'आई, हे वहीतलं आहे. चल, पाणी आलंय, भरूया.' एका प्रश्नाला एकदाच उत्तर, दुसऱ्यांदा हे वाक्य. हसून, पण चिडवून नाही. हे तुमच्या संमतीनं ठरलेलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला ते तोडून बोलल्यासारखं लागेल.

मान्य करणं म्हणजे हात टेकणं, अशी एक समजूत आहे. ती तुम्हाला आडवी येईल म्हणून सांगते. आपल्याच भागाकडं बघा. 1956 पासून सीमेचा प्रश्न आहे, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माणसांनी मागणी सोडली नाही, आणि निकाल लागेपर्यंत पेरणीही थांबवली नाही. याच मातीत घरं बांधली, मुलं शिकवली, लेकी नांदायला दिल्या. तुमच्या शिवारातही रोहिणी निघाली की धूळवाफ पेरणी होते. रान तयार, बी निवडलेलं, वेळ साधलेली, आणि पाऊस अजून वर. मृग ओढ देईल तेव्हा दुबार पेरणीचं बघू, म्हणून थोडं बी राखलेलं असतं. हे तुमच्या हाताला येतंच. घाटाच्या आणि नोकरीच्या बाबतीत तेवढं वळवून घ्यायचं आहे.

दोन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. या वयात थायरॉइड वाढलं, रक्त कमी असलं किंवा पाळीचे बदल सुरू झाले तरी धडधड, घाम आणि रात्रीची जाग येते. थायरॉइडसाठी टीएसएच आणि रक्तासाठी हिमोग्लोबिन ही साधी रक्ततपासणी आहे. चहा दुपारी तीननंतर बंद. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळीनं अर्ध्या तासात बरं वाटतं, आणि म्हणूनच तिची सवय लागते. दहा-दहा फोनांसारखंच ते.

काळजी सहा महिने जवळजवळ रोज असेल, सोबत झोप उडाली असेल, मान-पाठ आखडत असेल, चिडचिड होत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर वहीवर भागवू नका. मानसोपचार विभाग बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. बोलून करायचे उपचार साधारण 12 ते 16 भेटींचे असतात. गोळ्या लागल्या तर त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, दहा दिवसांत काही फरक नाही म्हणून सोडू नका. आणि जगू नये असं कधी मनात आलं, तर साडेपाचची वाट बघू नका, त्याच दिवशी घरात सांगा आणि 14416 ला फोन करा. डॉक्टरांकडं जाताना वही बरोबर न्या, अर्धी तपासणी तिच्यातच झालेली असते.

वही आजच सुरू करा. या शनिवारी नेहमीसारखे फोन लावा आणि फक्त लिहा. मालकांशी बोलणं रविवारी. पुढच्या शनिवारी ते निघाल्याचा फोन आला, की मोबाइल फडताळात ठेवून तांदूळ निवडायला सूप पुढ्यात घ्या. सहा आठवड्यांनी परत लिहा, आणि पत्रात चौथ्या रकान्यातले आकडे तेवढे आठवणीनं कळवा.